अर्जातला ‘इतर उपक्रम’ हा रकाना आला कुठून?



आजच्या भागाला निमित्त झालं एका पत्राचं. रायपूरच्या एक ताई ही मालिका नियमित बघतात. त्यांची मुलगी नववीत आहे आणि सहा वर्षं तबला शिकते आहे. आता नात्यातले, शेजारचे, शिकवणीचे सर, सगळे एकच सांगायला लागले आहेत, की तबल्याने पुढे काही होत नाही. त्यापेक्षा अर्जात लिहिता येईल असं काहीतरी करा. चार ऑनलाइन कोर्स, दोन ऑलिम्पियाड, एखादं ‘नेतृत्व शिबिर’. सर्टिफिकेट घरपोच येतं म्हणे. ताईंनी शेवटी एका ओळीत विचारलंय, ‘दादा, तबला बंद करू का?’

मी करिअरचा सल्लागार नाही, इतिहासात रमणारा माणूस आहे. पण या प्रश्नाचं उत्तर शोधताना माझ्या लक्षात आलं, की आपण सगळे ज्या रकान्याला घाबरतो, तो ‘इतर उपक्रम’, ‘छंद’, ‘खेळ’, ‘नेतृत्व’ वगैरेचा रकाना, त्याला स्वतःचा एक इतिहास आहे. तो कुणी घातला, कशासाठी घातला, त्यातून कोण आत गेलं आणि कोण बाहेर राहिलं, हे कळलं की भीती बरीच कमी होते आणि काय करायचं तेही उमगतं. म्हणून आज तीच गोष्ट सांगतो. ताईंच्या प्रश्नाचं उत्तर शेवटी देतो.

घोड्यावर बसता येतं का?

सुरुवात घोड्यापासून करू.

ईस्ट इंडिया कंपनीच्या काळात हिंदुस्थानातल्या मोठ्या नोकऱ्या वशिल्याने मिळत. कंपनीच्या संचालकांनी नाव सुचवायचं आणि त्या मुलाची वर्णी लागायची. 1853 च्या कायद्याने ही पद्धत मोडली आणि 1855 मध्ये लंडनला पहिली खुली स्पर्धा परीक्षा झाली. आता गुण मिळवील तो अधिकारी होणार. कागदावर दार सर्वांना उघडं झालं, हिंदी तरुणांनाही. सत्येंद्रनाथ टागोर 1863 मध्ये या परीक्षेत उत्तीर्ण झाले. असं यश मिळवणारे ते पहिले हिंदी.

पण लेखी परीक्षेनंतरही एक अट उरायची. उमेदवाराला घोड्यावर नीट बसता आलं पाहिजे, आणि त्याची वेगळी परीक्षा होई. अट अगदीच बिनकामाची होती असं नाही. त्या काळी जिल्ह्याचा अधिकारी गावोगाव घोड्यावरूनच फिरायचा. मोटारी नव्हत्या, रस्ते नव्हते. प्रश्न एवढाच, की लंडनमध्ये घोड्यावर बसायला कोण शिकू शकतं? ज्याच्या घरी घोडे आहेत तो, किंवा ज्याच्या खिशात शिकवणीचे पैसे आहेत तो.

अरविंद घोष यांचं उदाहरण प्रसिद्ध आहे. पुढे योगी अरविंद म्हणून ओळखले गेले तेच. 1890 मध्ये ते आयसीएसच्या खुल्या परीक्षेत अकरावे आले. केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजात शिष्यवृत्ती मिळवून शिकत होते. ग्रीक आणि लॅटिनमध्ये त्यांचा हातखंडा होता. घरून येणारे पैसे मात्र वेळेवर येत नसत आणि इंग्लंडमधले त्यांचे दिवस ओढाताणीचे होते. 1892 मध्ये घोडेस्वारीच्या परीक्षेला ते हजर राहिले नाहीत आणि त्यांची निवड रद्द झाली. पुढे त्यांनी सांगितलं, की या नोकरीत त्यांना रस उरलाच नव्हता. म्हणजे घोडा हे त्यांच्यासाठी निमित्त झालं. पण सरकारच्या दृष्टीने पाहिलं, तर हजारो पानांचा अभ्यास केलेला माणूस एका रकान्यात कोरा राहिला आणि बाहेर गेला.

गंमत बघा, त्याच सुमाराला महाराज सयाजीराव गायकवाड लंडनमध्ये होते. त्यांनी या तरुणाला पाहिलं आणि बडोद्याच्या सेवेत घेतलं. 1893 मध्ये अरविंद बडोद्याला आले. आपली गुजरातेतली मराठी मंडळी हे अभिमानाने सांगतात, आणि सांगावंच. माणूस ओळखायला सयाजीरावांना घोडा लागला नाही.

तर घोड्याची पहिली शिकवण अशी. अभ्यासाबाहेरची अट जेव्हा घातली जाते, तेव्हा तिला बहुतेक वेळा काहीतरी व्यावहारिक कारण असतं. आणि त्याच वेळी ती अट न बोलता काही लोकांना गाळत असते. पुढे बघाल, या दोन्ही गोष्टी प्रत्येक वेळी हातात हात घालून येतात.

‘नुसते पुस्तकी किडे नकोत’

आता दुसरा टप्पा. साल 1902. दक्षिण आफ्रिकेत हिऱ्यांच्या खाणींवर अफाट पैसा कमावलेला सेसिल ऱ्होड्स मरण पावला. त्याच्या मृत्युपत्रात एक मोठी शिष्यवृत्ती ठेवली होती. साम्राज्यातल्या ठरावीक वसाहतींतून, अमेरिकेतून आणि जर्मनीतून तरुण निवडायचे आणि त्यांना ऑक्सफर्डला शिकायला पाठवायचं.

निवड कशी करायची, तेही त्याने लिहून ठेवलं होतं. अभ्यासातली हुशारी हवीच. पण त्याला नुसते पुस्तकी किडे नको होते. क्रिकेट-फुटबॉलसारख्या मैदानी खेळांची आवड आणि त्यांतलं यश हवं. खरेपणा, धैर्य, कर्तव्यबुद्धी, दुबळ्यांबद्दल सहानुभूती हवी. शाळेत असताना पुढाकार घेतलेला असावा, सोबत्यांची काळजी वाहिलेली असावी. आजच्या परदेशी विद्यापीठांचे अर्ज ज्यांनी भरले असतील, त्यांना ही यादी वाचताना सगळं ओळखीचं वाटेल. आपण आज जे ‘सर्वांगीण व्यक्तिमत्त्व’ म्हणतो, त्याचा इतका सविस्तर आणि इतका प्रभावी लेखी नमुना त्याआधी सापडणं कठीण.

आता यातली दुसरी बाजू. ऱ्होड्स हा कट्टर साम्राज्यवादी होता. त्याला जग चालवायला ‘योग्य’ तरुण हवे होते आणि ते कसे दिसतात याचं चित्र त्याच्या मनात पक्कं होतं. शिष्यवृत्ती फक्त पुरुषांना होती, आणि स्त्रियांना त्यात प्रवेश मिळायला 1977 साल उजाडलं. वंश किंवा धर्मावरून कुणाला अपात्र ठरवू नये असं मृत्युपत्रात होतं खरं. पण 1907 मध्ये ॲलन लॉक हा कृष्णवर्णीय अमेरिकन तरुण निवडला गेला, तेव्हा ऑक्सफर्डच्या एकामागून एक कॉलेजांनी त्याला नाकारलं. शेवटी हर्टफर्ड कॉलेजने घेतलं. भारतासाठी ही शिष्यवृत्ती सुरू झाली ती 1947 मध्ये.

तरीही एक कबूल करायला हवं. यादीतली ‘सोबत्यांची काळजी’ ही गोष्ट खोटी नाही. नुसत्या गुणांवरून माणूस कळत नाही, हे खरंच आहे. अडचण तिच्या वापरात आहे. गुण मोजता येतात. काळजी, धैर्य, नेतृत्व कुणीतरी समोर बसून ‘ठरवतं’. ठरवणाऱ्याच्या मनात जे असेल, ते तिथे शिरतं.

हार्वर्डचा अर्ज

तिसरा टप्पा अमेरिकेतला. या एका टप्प्यामुळे आज जगभर हा रकाना पसरला असं म्हटलं तरी चालेल.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हार्वर्डमध्ये प्रवेश मुख्यतः परीक्षेवर मिळे. परीक्षा पास व्हा आणि या. पूर्व युरोपातून आलेल्या गरीब ज्यू कुटुंबांतली मुलं रात्रंदिवस अभ्यास करून पास होऊ लागली. 1900 च्या सुमाराला हार्वर्डमध्ये ज्यू विद्यार्थी 7 टक्क्यांच्या आसपास होते. 1922 पर्यंत ते 21 टक्क्यांच्या वर गेले. अध्यक्ष ॲबट लॉरेन्स लोवेल यांना हे खटकलं. त्यांनी उघडपणे मर्यादा घालायचं सुचवलं. त्यावर गदारोळ झाला, वर्तमानपत्रांत टीका झाली. समिती बसली आणि 1923 मध्ये तिने अशी उघड मर्यादा नाकारली.

मग दुसरा मार्ग निघाला. 1922 च्या अर्जातच नवे प्रश्न आले होते. वंश कोणता, धर्म कोणता, आईचं माहेरचं आडनाव काय, वडिलांचा जन्म कुठला. इतकंच नाही, तर तुमच्या किंवा वडिलांच्या नावात जन्मानंतर काही बदल झाला आहे का, असाही प्रश्न होता. 1926 मध्ये नवं धोरण आलं. विद्यार्थ्यांची संख्या ठरावीक, आणि निवड करताना गुणांबरोबर ‘चारित्र्य आणि योग्यता’ पाहणार. अर्जासोबत फोटो हवा. खेळ, नेतृत्व, स्वभाव, शिफारसपत्रं यांना वजन आलं. येल, प्रिन्स्टन, कोलंबिया याच वाटेने चालली होती. नंतरच्या काळात हार्वर्डमधलं ज्यू विद्यार्थ्यांचं प्रमाण ठळकपणे घसरलं. कुणालाही ‘तू ज्यू आहेस म्हणून नको’ असं लिहून द्यावं लागलं नाही. ‘मुलगा हुशार आहे, पण एकांगी आहे’ एवढं म्हटलं की झालं.

हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक मिटून बराच वेळ बसून राहिलो होतो. कारण ‘एकांगी’ हा शब्द मी माझ्या ओळखीतल्या कितीतरी हुशार, गरीब, लाजाळू मुलांबद्दल ऐकला होता. त्या मुलांना खेळायला वेळ नव्हता, कारण शाळा सुटल्यावर ती दुकानावर बसत होती.

याच प्रश्नाचा नवा अध्याय आपल्या डोळ्यांसमोर घडला. हार्वर्डवर एक खटला झाला. त्यात प्रवेशाची आतली पद्धत बाहेर आली. अर्जदाराला अभ्यास, अभ्यासेतर उपक्रम, खेळ आणि ‘व्यक्तिमत्त्व’ अशा वेगवेगळ्या श्रेणी दिल्या जात होत्या. आशियाई वंशाच्या मुलांना, ज्यात आपल्या भारतीय कुटुंबांतली मुलंही आली, अभ्यासात आणि उपक्रमांत सरासरीने चांगल्या श्रेणी होत्या, पण व्यक्तिमत्त्वाच्या श्रेणीत ती मागे पडत होती. 2019 मध्ये जिल्हा न्यायालयाने विद्यापीठाच्या बाजूने निकाल दिला. 29 जून 2023 रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने प्रवेशात वंशाचा विचार करण्याची पद्धत बंद केली. त्या निकालाबद्दल मतं दोन्हीकडे आहेत, त्यात आज शिरत नाही. आपल्यापुरतं एवढंच, की शंभर वर्षांनंतरही तो रकाना वादाचाच आहे.

आपल्याकडचा प्रवाह

आता तुम्ही म्हणाल, म्हणजे हे सगळं ढोंगच? नाही. इथे मला थांबून दुसरी बाजू सांगायची आहे, आणि ती आपल्या देशातली आहे.

हिंदुस्थानात स्काउट चळवळ 1909 मध्ये आली, तेव्हा ती युरोपीय आणि अँग्लो-इंडियन मुलांपुरती होती. हिंदी मुलांना त्यात जागा नव्हती. मग आपल्या लोकांनी काय केलं? 1917 मध्ये मद्रासला ॲनी बेझंट यांनी हिंदी मुलांसाठी वेगळी स्काउट संघटना काढली. पुढच्याच वर्षी उत्तरेत मदनमोहन मालवीय आणि हृदयनाथ कुंझरू यांनी सेवा समितीची स्काउट संघटना उभी केली. म्हणजे दार बंद आहे म्हणून रडत बसले नाहीत, आपलं दार केलं. जत्रेत हरवलेली मुलं शोधणं, साथीच्या दिवसांत मदत करणं, ही या सेवाकार्याची तऱ्हा. इथे उपक्रम हा अर्जात लिहायला नव्हताच. तो लोकांसाठी होता.

आणि बघा धागा कसा जातो. हेच हृदयनाथ कुंझरू 1946 मध्ये राष्ट्रीय छात्रसेनेचा विचार करणाऱ्या समितीचे अध्यक्ष झाले. 1948 मध्ये कायदा झाला आणि एनसीसी जन्माला आली. पुढच्या वर्षी मुलींचा विभाग निघाला. मग गांधीजींच्या जन्मशताब्दी वर्षात, 24 सप्टेंबर 1969 ला, 37 विद्यापीठांत 40,000 विद्यार्थ्यांसह राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली. तुमच्यापैकी कितीतरी जणांनी एनएसएसच्या शिबिरात घमेली उचलली असतील, रात्री पत्रावळीवर खिचडी खाल्ली असेल.

सैन्याने तर निवडीची वेगळीच रीत बसवली. दुसऱ्या महायुद्धात अधिकारी निवडायला ब्रिटिशांनी नवी मंडळं सुरू केली आणि त्याच धर्तीवर आपल्याकडचं पहिलं मंडळ 1943 मध्ये डेहराडूनला आलं. आजचं एसएसबी ते हेच. पाच दिवस उमेदवार एकत्र राहतात. फळी, दोर, पिंप देऊन सांगतात, हा अडथळा गटाने पार करा. तिथे सर्टिफिकेट कामाला येत नाही. कोण ऐकतो, कोण ओरडतो, कोण मागे राहिलेल्याला हात देतो, हे सगळं समोर दिसतं. एनसीसीचं ‘सी’ प्रमाणपत्र चांगल्या श्रेणीत असेल तर सैन्याच्या विशेष प्रवेशात लेखी परीक्षा माफ होते, पण हे पाच दिवस कुणालाच माफ होत नाहीत. मला ही रीत फार आवडते. तुम्ही काय केलंत हे सांगू नका, करून दाखवा.

खेळ आणि नोकरी यांचंही असंच. खाशाबा जाधवांनी 1952 मध्ये हेलसिंकीला कुस्तीत कांस्यपदक मिळवलं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्यांना हेलसिंकीला पाठवायला कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपलं घर गहाण ठेवून 7,000 रुपये उभे केले होते. पदक मिळालं, कराडला बैलगाड्यांची मिरवणूक निघाली, आणि पोलीस दलात फौजदाराची नोकरी मिळाली ती तीन वर्षांनी, 1955 मध्ये.

त्यानंतर 72 वर्षांनी, 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये, त्याच कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने नेमबाजीत कांस्यपदक घेतलं. तो तेव्हा मध्य रेल्वेत तिकीट तपासनीस होता, 2015 पासून. खाशाबांच्या वेळी पदक आधी आणि नोकरी नंतर होती. स्वप्नीलच्या वेळी नोकरी आधीच होती, म्हणून नेम धरायला घरची चिंता कमी होती. मधल्या काळात रेल्वेसारख्या खात्यांनी खेळाडूंसाठी जागा ठेवल्या, त्याचा हा उपयोग.

म्हणून मी म्हणतो, या रकान्याचे दोन वंश आहेत. एक ‘हा आपल्यातला आहे का?’ असं विचारणारा. दुसरा ‘याने खरोखर काही केलंय का?’ असं विचारणारा. अर्ज भरताना हे दोन्ही प्रश्न एकाच चौकोनात बसलेले असतात.

खोटी नौका

आणि जिथे चौकोन आहे, तिथे तो विकणारा येतोच.

मार्च 2019 मध्ये अमेरिकेत एक मोठं प्रकरण बाहेर आलं. रिक सिंगर नावाचा प्रवेश-सल्लागार श्रीमंत पालकांकडून पैसे घेऊन त्यांच्या मुलांना नामांकित विद्यापीठांत खेळाडू म्हणून घुसवत होता. ज्यांनी कधी वल्हं हातात धरलं नाही, त्यांचे व्यायामाच्या यंत्रावर बसून नौका वल्हवतानाचे फोटो काढले. वॉटर पोलो न खेळणाऱ्याला वॉटर पोलोपटू बनवलं. प्रशिक्षकांना लाच दिली. पन्नासच्या आसपास लोकांवर आरोप ठेवले गेले आणि 2023 च्या जानेवारीत सिंगरला साडेतीन वर्षांची शिक्षा झाली.

आपण हसतो. पण घरपोच येणाऱ्या सर्टिफिकेटात आणि त्या फोटोत फरक फक्त रकमेचा आहे. हे मी दुसऱ्याला नावं ठेवायला सांगत नाही. मीही त्यातलाच होतो.

मी वाढलो इंदूरला. पदवी झाल्यावर एका नोकरीचा अर्ज भरत होतो. ‘छंद व इतर उपक्रम’ समोर रकाना रिकामा. मित्र म्हणाला, गिर्यारोहण लिही, छान दिसतं. कॉलेजात असताना मी एकदा चार दिवसांच्या शिबिराला गेलो होतो, त्याचं प्रमाणपत्रही होतं. लिहून टाकलं. मुलाखतीत समोर तिघे जण. त्यातल्या एका पिकल्या केसांच्या गृहस्थांनी खिशातून हातरुमाल काढला, त्याला पीळ दिला, माझ्यापुढे टेबलावर ठेवला आणि म्हणाले, ‘हा दोर समजा. कमरेला बांधायची गाठ मारून दाखवा.’

मला बुटाची गाठ सोडून दुसरी गाठ येत नव्हती. कानशिलं तापली. मी तो रुमाल हातात घेऊन नुसता बसलो. त्या गृहस्थांनी रागावायचं सोडून शांतपणे विचारलं, ‘बरं, हे राहू दे. सुट्टीच्या दिवशी खरं काय करतोस?’

मी म्हणालो, ‘आमच्या मंडळाच्या गणपतीचा हिशेब बघतो.’ चार वर्षं मी ते करत होतो. पावतीपुस्तकं छापायची, वर्गणी गोळा करायची, मांडववाल्याला आगाऊ किती द्यायचे ते ठरवायचं, आणि विसर्जनानंतर आठ दिवसांत एकेक पैशाचा हिशेब फळ्यावर लावायचा. एका वर्षी हिशेबात 340 रुपये कमी पडले. मी रात्रभर सगळी पावतीपुस्तकं तपासली. एका पुस्तकातल्या दोन पावत्या बेरजेत दोनदा धरल्या होत्या. ते सगळं मी सांगितलं. तिघेही वीस मिनिटं फक्त तेच विचारत होते. वर्गणी न देणाऱ्याला काय म्हणायचास? मांडववाल्याशी भांडण झालं तर? पैसे कमी पडले तेव्हा कुणावर संशय आला का?

ती नोकरी मला मिळाली नाही. गिर्यारोहणाची ती ओळ त्यांच्या लक्षात राहिली असणार, आणि राहायलाच हवी होती. पुढच्या अर्जात मी गिर्यारोहण गाळलं आणि ‘सार्वजनिक गणेशोत्सवाचा हिशेब, चार वर्षं’ असं लिहिलं. ती नोकरी लागली. हिशेबामुळे लागली की कशामुळे, ते सांगता येणार नाही. पण त्या मुलाखतीला जाताना माझ्या पोटात गोळा नव्हता, हे नक्की.

आज नेमकं काय चालतं?

आता थोडं आजचं, कारण ताईंना तेच हवंय.

पहिली गोष्ट, सगळीकडे हा रकाना सारखा नाही. आपल्याकडचे अभियांत्रिकी आणि वैद्यकीय प्रवेश अजूनही मुख्यतः प्रवेशपरीक्षेच्या गुणांवर चालतात. तिथे तबल्याने गुण वाढत नाहीत, आणि त्या ऑनलाइन सर्टिफिकेटांनीही वाढत नाहीत. हे आधी समजून घ्या, म्हणजे निम्मा खर्च वाचेल. दिल्ली विद्यापीठात खेळ आणि अभ्यासेतर कला यांसाठी वेगळ्या जागा आहेत, पण मर्यादित. कला सादर करायची असेल तर तिथे प्रत्यक्ष चाचणी होते. आयआयटी मद्रासने 2024 पासून खेळाडूंसाठी आणि त्याच्या पुढच्या वर्षापासून कलावंतांसाठी थोड्या जागा सुरू केल्या. त्यांनाही जेईई ॲडव्हान्स्ड पार करावी लागतेच. म्हणजे कला अभ्यासाच्या जागी चालत नाही, अभ्यासाच्या जोडीला चालते.

दुसरी गोष्ट, केंद्रीय लोकसेवा आयोगाची परीक्षा. एकूण 2025 गुणांत व्यक्तिमत्त्व चाचणीचे 275. उमेदवार अर्जात छंद लिहितो आणि मंडळ त्याच छंदावर प्रश्न विचारू शकतं. ‘वाचन’ लिहिलंत तर शेवटचं पुस्तक कोणतं, हे सांगता आलं पाहिजे. हातरुमाल कुणाच्याही खिशात असतो!

तिसरी गोष्ट, परदेशातले अर्ज. अमेरिकेतल्या शेकडो महाविद्यालयांना चालणाऱ्या ‘कॉमन ॲप’ या अर्जात दहा उपक्रम लिहायला जागा आहे, आणि प्रत्येकाच्या वर्णनाला फक्त 150 अक्षरं. पण फार थोड्या पालकांना माहीत असतं, की त्या यादीत पगारी काम आणि घरची जबाबदारी असेही प्रकार आहेत. धाकट्या भावाला सांभाळणं, आजीचं दुखणंखुपणं बघणं, वडिलांच्या दुकानावर बसणं, हेही तिथे उपक्रम म्हणून लिहिता येतं. शंभर वर्षांपूर्वी ज्या मुलाला ‘एकांगी’ म्हणून मागे ठेवलं असतं, त्याच्यासाठी निदान एक ओळ आता आहे. ब्रिटनमध्ये मात्र निवड मुख्यतः विषयावर असते. तुम्ही ज्या विषयाला अर्ज करता, त्याच्यासाठी वर्गाबाहेर काय केलंत, हे तिथे विचारतात.

आता ताईंचं उत्तर.

ताई, तबला बंद करू नका. पण तो अर्जासाठी चालू ठेवा असंही मी म्हणणार नाही. तुमच्या लेकीला तो आवडत असेल, तर तेवढं कारण पुरेसं आहे. सहा वर्षं रोज एकाच गोष्टीला बसणं, चुकलेला बोल पुन्हा पुन्हा वाजवणं, कुणाच्या गाण्याला साथ करताना आपला हात आवरून धरणं, यातून जे तयार होतं ते कुठल्याही पाकिटातून घरी येत नाही. तिला एकच करायला सांगा. रियाझाची एक वही ठेव. काय शिकली, कुठे अडली, कुठे वाजवलं, कुणाला शिकवलं. उद्या अर्ज भरायची वेळ आली तर ती वही कामी येईल. नाही आली, तर तिच्याकडे वही राहीलच. अभ्यासाचा ताण वाढला, तर दहावी-बारावीच्या वर्षी वेळ कमी करा. अर्धा तास तबला वाजवल्याने कुणी नापास होत नाही.

आणि जे वाचक शाळेत शिकवतात, संस्थेत मुलाखती घेतात, त्यांना माझी विनंती आहे. समोरच्या मुलाचा रकाना रिकामा दिसला, तर पुढच्या नावाकडे वळण्याआधी एकदा विचारा, ‘सुट्टीच्या दिवशी खरं काय करतोस?’ इंग्रजांच्या घोड्यापासून हार्वर्डच्या फोटोपर्यंत जे घडलं, ते हा प्रश्न न विचारल्यामुळे घडलं. कदाचित तो मुलगा पहाटे दूध घालत असेल. कदाचित वस्तीतल्या चार पोरांना गणित शिकवत असेल, आणि त्याला हा ‘उपक्रम’ आहे हे कुणी सांगितलेलंच नसेल.

तुमच्या घरात, तुमच्या गावात असं कुणी असेल, तर मला जरूर कळवा. पुढच्या भागात भेटू.